भूल, भीती आणि लांबलेला क्यूटी

१८५६ साली मायस्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने मूकबधिर मुलांच्या संस्थेतल्या एका मुलीची हकिगत लिहून ठेवली. काही आगळीक केली म्हणून संस्थाप्रमुखांनी तिला बोलावलं, आणि त्यांच्यासमोरच ती कोसळून मेली. आईवडिलांना फारसं नवल वाटलं नाही. त्यांची आणखी दोन बहिरी मुलं अशीच गेली होती, एक जबर धसक्याने आणि दुसरं रागाच्या भरात.

त्या काळी ईसीजी नव्हता. १९५७ मध्ये नॉर्वेतल्या येरवेल आणि लांगे-निल्सन यांच्याकडे तो होता. एकाच घरातल्या सहापैकी चार मुलं बहिरी होती, वारंवार बेशुद्ध पडत होती; त्यातली तिघं अनुक्रमे चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना दगावली. त्यांच्या ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाचे खालचे कप्पे विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं दिसलं. १९६३ मध्ये इटलीत रोमानो आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी हाच विकार बहिरेपणाशिवाय नोंदवला. १९६६ मध्ये फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी ईसीजीवर पीळ घातलेल्या दोरीसारख्या दिसणाऱ्या हृदयाच्या जीवघेण्या लयीला ‘टॉर्साद द पॉइंट’ म्हटलं. लांब क्यूटीच्या रुग्णांना या लयीची धास्ती असते. त्यांचं बेशुद्ध पडणं म्हणजे आकडी असं समजून फिटच्या गोळ्या चालू असलेले रुग्ण आजही सापडतात.

१९७१ मध्ये मॉस आणि मॅकडोनाल्ड यांनी हृदयाला उत्तेजित करणाऱ्या डाव्या बाजूच्या सिंपथेटिक मज्जातंतूंचा पुंजका (गँग्लियन) काढून बेशुद्धीचे झटके थांबल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे भुलेत ही लय उसळू शकते म्हणून भूल ज्यांना धोक्याची, त्यांच्यावरचा एक उपायच भुलेखाली करायचा! पुढे १९९५-९६ मध्ये या विकाराची मुख्य जनुकं हाती आली आणि प्रकारांची फोड झाली. पहिल्या प्रकाराला श्रम, विशेषतः पोहणं बाधतं, दुसऱ्याला अचानक झालेला आवाज, तर तिसऱ्यात झटका बहुधा झोपेत किंवा विश्रांतीत येतो.

भूलतज्ज्ञांचं लक्ष मात्र बराच काळ क्यूटी लांबवणाऱ्या औषधांवरच राहिलं. २००१ मध्ये मळमळ रोखणाऱ्या ड्रोपेरिडॉलवर अमेरिकेत ठळक इशारा छापला गेला आणि त्याचा वापर एकदम खाली आला. त्याची जागा बऱ्याच ठिकाणी मळमळीवरच्याच ऑनडॅनसेट्रॉनने घेतली. तेही क्यूटी लांबवतंच; २०१२ मध्ये त्याचा ३२ मिलिग्रॅमचा एकरकमी शिरेतला डोस मागे घ्यावा लागला. श्वासातून दिला जाणारा भुलेचा वायू सेव्होफ्लुरेन क्यूटी वाढवतो, शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलचा परिणाम नगण्य, म्हणून शिरेतून दिलेल्या भुलेकडे कल वाढला.

टाळायच्या औषधांच्या अशा याद्या उपयोगी आहेतच, पण माझ्या मते त्यांनी थोडी खोटी निर्धास्ती दिली. मायस्नरच्या त्या मुलीला कोणी औषध दिलं नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्येही ॲड्रेनॅलिन उसळतं ते शस्त्रक्रियेआधीच्या भीतीने, श्वासनलिकेत नळी घालताना आणि ती काढताना. म्हणून ॲड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारी बीटा ब्लॉकर औषधं शस्त्रक्रियेच्या सकाळीही चुकवत नाहीत, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधी तपासतात, खोली शांत ठेवतात, अंग गार पडू देत नाहीत.

आता बहिरी मुलं कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवून घ्यायला, भुलेखाली येतात, त्यामुळे त्यांचा ईसीजी आधी काढावा असा आग्रह धरला जातो. क्यूटी लांब निघालाच, तर विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड भूल देण्याआधीच छातीवर चिकटवतात आणि मॅग्नेशियम सल्फेट हाताशी ठेवतात. नळी निघाली, मूल खोकलं, रडलं, तरी पॅड तसेच राहतात आणि मॉनिटर त्याच्यासोबत रिकव्हरीत जातो.