टेन्शन आणि एन्झायटी सेम नाहीये रे

आपल्याकडे सगळ्यालाच टेन्शन म्हणतात. उद्या सबमिशन आहे, टेन्शन. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, टेन्शन. आणि काहीच झालेलं नसताना रात्री दोनला छाती धडधडते तेही टेन्शनच. शब्द एकच म्हणून सल्लाही एकच मिळतो, "टेन्शन नको घेऊस", जो पाळणं आजवर कुणाला जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

घोळ होतो कारण ताण आणि एन्झायटी, म्हणजे मनाला चिकटून राहिलेली काळजी, दोन्हीत शरीर सारखंच वागतं. ॲड्रेनलिन वाढतं, हाताला घाम, पोट बिघडणं, झोप उडणं, सगळं कॉमन, त्यामुळे नुसती लक्षणं मोजून काही कळत नाही. बघायचं ते हे की कशामुळे होतंय ते बोट दाखवून सांगता येतं का, आणि ती गोष्ट संपली की शरीर खाली येतं का.

ताणाला बहुतेक वेळा बोट दाखवता येतं. इंजिनिअरिंगचा सबमिशनचा आठवडा घ्या, जर्नल अर्धवट, सही करणारे सर जागेवर नाहीत, झेरॉक्सवाल्याकडे ही रांग, ७५ टक्के अटेंडन्स भरत नाही म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, बदलापूरहून लोकलने येणाऱ्याचा अर्धा जीव प्रवासातच गेलेला, आणि महाडीबीटीच्या सरकारी स्कॉलरशिपचा हप्ता अजून खात्यात नाही पण मेसवाले काका मात्र रोज ताट वाढताना बघतात. हे सगळं खरं आहे, बाहेर आहे, आणि बऱ्याचशाला तारीख आहे. शेवटची ओरल झाली की पोरं टपरीवर हसत असतात आणि मग रूमवर जाऊन बारा तास झोपतात. थोडा ताण कामाचाही असतो बरं. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे झटके देऊन (बिचारे उंदीर) पाहिलं, तर अवघड काम मध्यम झटक्याला लवकर शिकले आणि झटका जास्त वाढवला तर उलट मागे पडले.

एन्झायटीत परीक्षा संपते पण शरीराला ते कळतच नाही. माझा एक रूममेट होता, पेपर संपले तरी जागा, रिझल्ट लागला, पास झाला, तरी जागा. मग पुढचं सेम, मग प्लेसमेंट, मग गावी आईला काही झालं तर. ताणाचं वाक्य "अजून चार प्रॅक्टिकल लिहायचीत" असं असतं, एन्झायटीचं वाक्य "समजा" ने सुरू होतं आणि त्याला शेवट नसतो. सर काहीतरी विचारतील म्हणून त्याने आधी एक लेक्चर सोडलं, त्या दिवशी जीव हलका झाला, म्हणून दुसरं सोडलं. टाळलं की लगेच बरं वाटतं आणि भीती मात्र तशीच राहते, उलट वाढते, एन्झायटी याच्यावरच पोसते.

मी त्याला काय केलं तर रंगीत पेनांनी टाइमटेबल करून दिलं. ताणावर ते चाललं असतं, कारण तिथे काम लहान तुकड्यांत पाडणं, सरांना आधीच जाऊन मुदत मागणं, फीचे हप्ते करून घेणं याचाच उपयोग होतो. त्याच्यासाठी मात्र टाइमटेबल ही घाबरायची आणखी एक गोष्ट झाली. उलटंही होतं, फी थकलेल्या पोराला कुणीतरी सेशन घेऊन दीर्घ श्वसन शिकवतं. श्वसन चांगलंच आहे, पण त्याने फी भरली जात नाही ना.

दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि बऱ्याच दिवसांचा ताण एन्झायटीकडे नेऊही शकतो. जनरलाइज्ड एन्झायटी म्हणायला डॉक्टर साधारण ६ महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी आहे का ते बघतात, त्यामुळे दोन रात्री झोप आली नाही म्हणून रील बघून स्वतःला लेबल लावू नका. पण मदत मागायला ६ महिने थांबायचंही कारण नाही. थायरॉइड वाढलं असेल किंवा दिवसाला पाच-सहा कटिंग होत असतील तरी असंच धडधडतं, तेही एकदा तपासून घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं वाटत असेल तर ताण की एन्झायटी हे ठरवत बसू नका, आधी फोन लावा, आणि रूममेटलाही उठवा.

आमचा तो शेवटी काउन्सेलरकडे गेला. तिने टाइमटेबल वगैरे काही दिलं नाही, आठवड्यात एक लेक्चर, दाराजवळच्या बाकावर बसायचं आणि धडधडलं तरी बेल होईपर्यंत उठायचं नाही, एवढंच. पहिल्या वेळी तो घामाने भिजून रूमवर आला, आणि सरांनी काय शिकवलं ते त्याला अजिबात सांगता आलं नाही, पण बसला होता.