अद्भुतकथांचे लघुदेखावे (कोल्हापूर)

अद्भुतकथेतला एखादा प्रसंग ठरावीक प्रमाणात लहान करून जमीन, झाडे, वास्तू, पात्रे आणि प्रकाश यांसह त्रिमित स्वरूपात उभा करण्याची हस्तकला. अशा देखाव्याला डायोरामा असेही म्हणतात. लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिसला दाखवलेला डायोरामा मात्र नाट्यगृहाच्या आकाराचा होता. प्रचंड अर्धपारदर्शक कापडावरील चित्रावर पुढून आणि मागून उजेड टाकून त्यात दिवसाची रात्र करत. काचपेटीतला लहान देखावा पुढे संग्रहालये आणि छांदिष्ट कारागीर यांच्यामुळे रूढ झाला.

कोल्हापूरला हे काम परके नाही. दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात, त्यांवर अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते. गणेशोत्सवात राजारामपुरीतले तांत्रिक देखावे पाहायला रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. आणखी मागे गेले तर रंगभूमी भेटते. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि आनंदराव पेंटर संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. चित्रपटाकडे वळल्यावर बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्याच्या जागी भरीव, वावरता येईल असे नेपथ्य आणले. लघुदेखावा करणाऱ्यालाही हाच सांधा जुळवावा लागतो. मागचे आकाश चित्रातले, पुढची माती खरी. दोहोंमधली रेघ दिसली की देखावा फसला. ती लपवायला मागच्या वस्तू क्रमाने लहान आणि फिक्या करतात.

दिवाळीतल्या किल्ल्यात आणि यात एक मोठा फरक आहे. किल्ल्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती मावळ्यांपेक्षा, प्रसंगी बुरुजापेक्षाही मोठी असते. तिथे आकार मानसन्मानावर ठरतो आणि त्यात काही चुकत नाही. लघुदेखाव्यात सगळे एकाच मापाने तोलावे लागते. १:७२ या प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस सुमारे २४ मिलिमीटरचा होतो, १:३५ मध्ये ५ सेंटिमीटरचा. अद्भुतकथेत तर हे माप अधिकच महत्त्वाचे, कारण राक्षस किंवा जादूचा मनोरा कोणीच पाहिलेला नसतो. डोळा माणसावरून, दारावरून, पायरीवरून अंदाज बांधतो. राक्षस कितीही मोठा घडवला तरी त्याच्या पायाशी माणसाच्या मापाची पायरी नसेल, तर तो खेळण्यातलाच वाटतो.

प्रसंगाची निवड हा यातला सर्वांत अवघड भाग. नवख्याला अख्खे मायानगर किंवा युद्ध उभारायचे असते. खरे तर विक्रम-वेताळासारखी कथा पुरते: दोन आकृत्या, एक झाड, स्मशानाची जमीन. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) प्रेत शिंशपेच्या (शिसमच्या) झाडाला लटकलेले असते. पारंब्यांच्या मोहाने तिथे वड लावणे सोपे, पण त्याच्या पसाऱ्यात राजा हरवतो. बारा मीटरचे झाड १:७२ मध्ये जेमतेम १७ सेंटिमीटर भरते. पिळलेल्या तांब्याच्या तारेवर कागदाचा लगदा चढवून ते होते. मौन मोडताच वेताळ परत उडतो, तो क्षण नेत्रदीपक खरा. तरी राजा बोलण्याच्या बेतात आहे तो क्षण अधिक धरून ठेवतो. एवढ्या लहान मूर्तीचे ओठ दिसत नाहीत, म्हणून ती घालमेल मानेच्या वळणात आणि खांद्यात आणावी लागते. चेहरा रंगवण्यात रात्री घालवणारे नेमके हेच विसरतात.

साहित्य बहुतेक गावातच मिळते. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा कुटून तांबडी जमीन होते, बारीक खडीचे कडे होतात. सुतारकामाचा भुसा रंगवून गवत, उसाच्या चिपाडाचे तंतू छपराला, चपलांच्या कामातले चामड्याचे कातरण खोगीर आणि ढालींना. काल्पनिक राजवाड्याचा नमुना हवा असेल, तर खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला वर्तुळाकार, उघड्या छताचा स्वर्गमंडप एकदा तरी पाहावा. नुसती काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. तिच्यात लगदा मिसळून पातळ थर द्यावे लागतात. डोंगराचा गाभा थर्माकोलचा असेल तर त्यावर थेट स्प्रे रंग मारू नये, त्यातले द्रावक थर्माकोल खाते. आधी फेविकॉलचा हात द्यावा. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना निघणारा धूर अपायकारक असल्याने ते काम उघड्यावरच करावे.

डोह किंवा नदी इपॉक्सी रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेची करतात. जाड थर एकदम ओतल्यास तो तापतो, पिवळा पडतो, कधी तडकतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते: दमट हवेत रेझिनचा पृष्ठभाग धुरकट, चिकट होतो. त्यामुळे पाण्याचे काम दिवाळीनंतर काढणे बरे. ओले शेवाळ आणून लावले तर पहिल्याच पावसात बुरशी धरते. ते पूर्ण वाळवून, शक्य तर ग्लिसरीनमध्ये मुरवून वापरतात. उजेडासाठी बारीक एलईडी पुरतात. पिवळा दिवा गुहेत, निळसर बाहेर, एवढा भेद केला तरी रात्र उभी राहते. तयार देखावा काचपेटीत ठेवतात आणि पेटीचे झाकण उघडता येईल असेच करतात, कारण दिवे जातात आणि धूळ कुठूनही शिरते.