शेअरची परवानगी वेगळी, फाइलची परवानगी वेगळी

घरच्या सर्व्हरवरचे सामायिक फोल्डर उघडते, आतल्या फाइली दिसतात, पण नवी फाइल ठेवू लागताच परवानगी नाकारली जाते. त्यावर ‘चमॉड ७७७ करून टाका’ (म्हणजे लिनक्सच्या आज्ञेने फोल्डर सर्वांना पूर्ण खुले करा) हा सल्ला इतक्या वेळा वाचला आहे की आता वैताग येतो. मालक, गट आणि इतर यांचे वाचन-लेखनाचे अधिकार म्हणजे फाइलची परवानगी, हे लिनक्स वापरणाऱ्यास सांगायला नको. शेअरची, म्हणजे नेटवर्कवर सामायिक केलेल्या फोल्डरची, परवानगी सांबा या फाइली सामायिक करणाऱ्या प्रणालीच्या ‘एसएमबी डॉट कॉन्फ’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहितात आणि ती फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यास लागू होते. सांबाचा पासवर्डही वेगळा ठेवावा लागतो, पण ती किरकोळ बाब आहे.

खरी गफलत अशी की या दोन परवानग्यांची बेरीज होत नाही. दोन्ही ठिकाणी होकार मिळावा लागतो आणि जी अधिक कडक, तीच चालते. ‘रीड ओन्ली = नो’ (फक्त वाचनापुरते नाही) लिहिल्याने सांबा आपला अडसर काढतो, एवढेच; त्यानंतर तो त्या वापरकर्त्याच्या नावाने लिनक्सच्या दारात उभा राहतो, आणि फोल्डर रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) मालकीचे व ७५५ (लेखन फक्त मालकाला) असेल, तर तिथून रिकाम्या हाताने परततो. उलट ७७७ करूनही शेअर रीड ओन्ली राहिला असेल (सांबात न सांगता तो तसाच असतो), तर लिहिता येत नाहीच, शिवाय सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्याला ते फोल्डर आंदण दिल्यासारखे होते.

हाच घोळ पुढे दुसऱ्या रूपात भेटतो: एकाने ठेवलेली फाइल घरातल्या दुसऱ्याला उघडता येते, बदलता येत नाही. सांबाचा ‘क्रिएट मास्क’, म्हणजे नव्या फाइलीला कोणते अधिकार मिळू शकतात याची मर्यादा, मुळात ०७४४ असल्याने गटाला लेखनाचा अधिकार मिळतच नाही. यावर माझ्या मते एकच नीटनेटका उपाय आहे: सर्वांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या नावे करून त्याला २७७५ (मालक व गटाला लेखन, इतरांना फक्त वाचन) द्यावे, आणि शेअरमध्ये क्रिएट मास्क ०६६४ व नव्या फोल्डरांसाठीचा डिरेक्टरी मास्क २७७५ लिहावा. सुरुवातीच्या २ मुळे नव्या फाइलीही त्याच गटाच्या होतात.

तरीही अडले, तर त्या वापरकर्त्याच्या नावाने थेट सर्व्हरवरच फाइल तयार करून पाहावी. तिथेच नकार आला, तर सांबाला हात लावू नये. वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जाण्याची मुभा आहे का, ते तपासावे. उबुंटू २१.०४ पासून नवे होम फोल्डर (वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर) ७५० असते, म्हणजे इतरांना त्यात प्रवेश नसतो, आणि शेअर त्यातच केलेला असला की बाकीचे उंबरठ्यावरच अडतात.