सक्तीचे विस्थापन : प्रादेशिक सहकार्य

युद्ध, छळ किंवा कोलमडलेली सुव्यवस्था यांमुळे देश सोडावा लागलेल्या लोकांना आश्रय, संरक्षण, पुनर्वसन आणि सुरक्षितपणे मायदेशी परतण्याची संधी मिळावी, यासाठी एकाच भूप्रदेशातील देशांनी मिळून केलेली व्यवस्था. बहुतेक निर्वासित शेजारच्या देशातच थांबत असल्याने त्यांचा भार कोणी किती उचलावा हा प्रश्न सर्वप्रथम शेजाऱ्यांपुढे उभा राहतो.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात निर्वासित कोण हे ठरवताना व्यक्तीला वाटणाऱ्या छळाच्या सबळ भीतीवर भर आहे. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६९ मध्ये अदिस अबाबा येथे केलेल्या करारात बाह्य आक्रमण, परकीय ताबा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग या कारणांनी देश सोडणाऱ्यांनाही निर्वासित मानले गेले. आश्रय देणे हे शत्रुत्वाचे कृत्य समजू नये आणि भार न पेलणाऱ्या देशाला इतरांकडे मदत मागता यावी, या त्यातील तरतुदी विशेष मोलाच्या आहेत, कारण शेजाऱ्याच्या रोषाची धास्ती हीच आश्रय देण्यातील मोठी अडचण असते. लॅटिन अमेरिकेत १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने अशीच व्यापक व्याख्या सुचवली. युरोपीय संघाचा तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा निर्देश प्रथम वापरला गेला तो २०२२ मध्ये, युक्रेनमधून आलेल्यांसाठी.

दक्षिण आशियात असा सामाईक करार नाही. येथील सहकार्य प्रायः द्विपक्षीय व अपुरे राहिले, आणि त्याची खूण ठाणे जिल्ह्यात आजही दिसते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पाच कॅम्पांचे क्रमांक अजूनही रोजच्या बोलण्यात आहेत, आणि पत्त्यांत ‘बॅरक नंबर’ लिहिला जातो. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने वर्षअखेरपर्यंत परतणाऱ्यांना स्थावर मालमत्ता परत देण्याची तरतूद केली, पण ती मुख्यतः बंगाल, आसाम व त्रिपुरा यांच्यापुरती होती. सिंधमधील घरे आणि जमिनी यांबाबत दोन्ही सरकारांत तडजोड झाली नाही. अखेर भारताने १९५४ च्या कायद्याने, पाकिस्तानात गेलेल्यांनी इकडे सोडलेली मालमत्ता ताब्यात घेऊन तिच्यातून, सरकारी निधीची भर घालून, निर्वासितांचे क्लेम भागवले. म्हणजे पुनर्वसनाचा हिशेब प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीत मिटवला.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, तेव्हाही प्रादेशिक यंत्रणा नव्हती. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सार्कच्या सनदेने द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले. निर्वासितांचा प्रश्न बहुधा याच सदरात मोडत असल्याने ही तरतूद प्रादेशिक सहकार्याला सर्वाधिक मारक ठरली, असे म्हणावे लागते. १९५१ च्या करारात भारत सामील नाही. आशियाई-आफ्रिकी देशांच्या विधिविषयक सल्लागार संघटनेने १९६६ मध्ये निर्वासितांना द्यावयाच्या वागणुकीविषयीची ‘बँकॉक तत्त्वे’ मांडली आणि २००१ मध्ये नवी दिल्लीत त्यांचा सुधारित मसुदा स्वीकारला. मात्र ती सदस्य देशांवर बंधनकारक नाहीत.