‘समज देण्यात आली’ : गोपनीय अहवालापासून समोरासमोरच्या बोलण्यापर्यंत

सरकारी फाइलींत एक वाक्य हमखास भेटतं : ‘संबंधित कर्मचाऱ्यास तोंडी समज देण्यात आली.’ त्यापुढची पायरी लेखी समज, मग सक्त ताकीद, मग ‘कारणे दाखवा’. समज हा खरं तर किती छान शब्द! एकानं उमजेल असं सांगायचं, दुसऱ्यानं ते समजून घ्यायचं. कार्यालयात मात्र त्याचा अर्थ ‘झापलं’ एवढाच उरला. नोंद झाली की विषय संपला.

हल्ली कंपन्यांमधून आपुलकीनं, पण स्पष्ट बोलून माणसाला त्याच्या कामाला जबाबदार धरण्याची शिकवण दिली जाते. ती थेट परदेशातल्या ट्रेनिंगमधून उतरली, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तिच्यामागे आपलाही पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा एक मोठा टप्पा मुंबईत घडला.

त्याआधी गिरणगावात डोकवायला हवं. गिरणीत कामगाराला जाब विचारणारा माणूस म्हणजे जॉबर. मालक आणि गोरा किंवा पारशी मॅनेजर दूर राहिले. भरती, बदली, रजा, काढून टाकणं सगळं जॉबरच्या हातात. बऱ्याचदा तो गावाकडचाच असे, त्याच चाळीत राहणारा. अडीनडीला कर्ज देई आणि नोकरी लावून दिल्याची दस्तुरीही घेई. म्हणजे जिव्हाळा होता, धाकही होता, फक्त खरं बोलण्याची सोय नव्हती. ज्याच्याकडून उसने घेतलेत त्याला ‘तुमचं चुकतंय’ कोण सांगणार? १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या कामगार आयोगाच्या, अहवालानं जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवलं आणि कामगार अधिकारी नेमायची शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्यानं सरकारी कामगार अधिकारी आला, पाठोपाठ गिरणीमालकांच्या संघटनेनंही आपला नेमला.

मग कागद आला. आधी १९३८ च्या मुंबई कायद्यानं आणि पुढे देशभरासाठी १९४६ च्या कायद्यानं कारखान्यांना स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची लेखी नियमावली, सक्तीचे झाले. गैरवर्तन म्हणजे काय, आरोप लेखी द्यायचा, कामगाराला बाजू मांडू द्यायची, हे सगळं ठरलं. लहरीवर माणूस काढण्याला आळा बसला, आणि त्याचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागली. सुपरवायझरचं प्रत्येक वाक्य हा उद्याचा पुरावा झाला. त्यामुळे शहाणा सुपरवायझर गप्प बसू लागला आणि मेमो लिहू लागला. कामगारही शहाणा झाला. तो युनियनच्या माणसाला विचारून खुलासा देऊ लागला. दोघं एकाच खात्यात, चार हातांवर उभे, आणि बोलणं टपालानं.

सरकारी कचेऱ्यांत तर बोलण्याची तेवढीही गरज नव्हती. तिथे गोपनीय अहवाल होता, बोलीभाषेत ‘सीआर’. ३१ मार्चनंतर प्रतिवेदन अधिकारी हाताखालच्या माणसाबद्दल लिहिणार, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर शेरा मारणार, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला त्यातलं काही दिसणार नाही. अपवाद एकच : प्रतिकूल शेरा असेल तर कळवायचा. सचोटी, चारित्र्य, कामाचा उरक, प्रकृतिमान असे रकाने, आणि शेवटी प्रतवारी. महाराष्ट्रात ‘चांगला’ आणि ‘उत्कृष्ट’ यांच्या मध्ये ‘निश्चित चांगला’ अशी एक पायरी होती. नुसता चांगला म्हणजे अनिश्चित चांगला की काय, असा विनोद त्यावर होत असे.

माझे वडील जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका कचेरीत होते. एकदा पावसाळ्यात लाखेनं बंद केलेलं ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेलं पाकीट त्यांना मिळालं. आदल्या वर्षीचा शेरा होता : ‘कामात सातत्य नाही.’ ज्या साहेबांनी तो लिहिला होता ते त्या वर्षभर रोज साडेतीनला वडिलांच्या टेबलाशी उभे राहून चहा घेत, आणि पाकीट पोचेपर्यंत बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेही होते. शेरा लागल्याचं वडिलांना तेवढं वाटलं नाही. ‘तीनशे चहा झाले, एकदा तोंडानं बोलले असते,’ हे मात्र ते निवृत्तीनंतरही म्हणत. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी आजी आजारी असल्यानं त्यांचं लक्ष कामात नव्हतंच. शेरा खोटा नव्हता. म्हणूनच तो बोलता आला असता.

याच काळात मुंबईत लार्सन अँड टुब्रोला आपल्या मूल्यमापनाची पद्धत सुधारायची होती. १९७४ मध्ये कंपनीनं अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांना बोलावलं. काम मागितलं होतं एका फॉर्मच्या डागडुजीचं. या दोघांनी दिला तो वेगळाच सल्ला. कामाचं मूल्यमापन, माणसाच्या पुढच्या क्षमतेचा अंदाज, फीडबॅक व समुपदेशन, करिअर आणि प्रशिक्षण ही वेगवेगळी अंगं आहेत, ती एकमेकांना जोडून एकत्र चालवा, आणि त्यासाठी स्वतंत्र विभाग उभा करा. कंपनीनं ते मानलं. १९७५ मध्ये तिथे उभा राहिलेला एचआरडी, म्हणजे मनुष्यबळ विकास, विभाग भारतीय उद्योगातला पहिला मानला जातो.

यात समुपदेशनाला वेगळं अंग मानणं ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तोवर साहेबानं हाताखालच्या माणसाशी बोलावं हे साहेबाच्या स्वभावावर सोडलेलं होतं. चांगला साहेब मिळाला तर नशीब. आता ते साहेबाचं काम ठरलं, आणि काम म्हटलं की ते शिकावंही लागतं आणि झालं की नाही हे विचारताही येतं.

परदेशात याच्या थोडं आधी हीच चर्चा चालू होती, आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्यांना ती ठाऊक असणारच. १९५७ मध्ये अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर यांनी एका लेखात मूल्यमापनाबद्दलची साहेबलोकांची टाळाटाळ उलगडून दाखवली. दुसऱ्या माणसाच्या लायकीचा निवाडा करायला बसणं साहेबालाच जड जातं. तो आळस नव्हे, असं त्यांचं म्हणणं. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं की उद्दिष्टं आधी हाताखालच्या माणसानं मांडावीत आणि दोघांनी मिळून ती तपासावीत. १९६५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टीका ऐकली की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि काम सुधारायचं राहूनच जातं; आणि पगारवाढ व सुधारणा या दोन गोष्टी एकाच बैठकीत बोलल्या तर दोन्ही बिघडतात. ज्यानं अप्रेझलच्या दिवशी केबिनमध्ये ‘तुमच्यात खूप पोटेन्शियल आहे’ ऐकताना मनातल्या मनात फक्त टक्क्यांचा आकडा शोधलाय, त्याला हे सांगायला अभ्यासाची गरज पडू नये.

गंमत म्हणजे पुढे याच जनरल इलेक्ट्रिकनं तिचे प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात उलटी वाट धरली. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा; तळाच्यांना निरोप. ठरलेल्या टक्क्यांत माणसं बसवणारा हाच आलेख, म्हणजे बेल कर्व्ह, आयटीबरोबर हिंजवडीत पोचला. इथला मॅनेजर मग केबिनचं दार लावून म्हणू लागला, ‘मला तुझं काम माहितीये रे, पण कर्व्हमध्ये बसवायचं होतं.’ आपुलकी होती, पण जबाबदारी आलेखावर ढकललेली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडली, नंतर बऱ्याच कंपन्यांनी.

सरकारी गोपनीयता मात्र उघडली ती कोर्टानं. देव दत्त हे सीमा रस्ते विभागाच्या अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंतापदाच्या बढतीसाठी पाच वर्षं ‘व्हेरी गुड’ अशी नोंद हवी होती. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘गुड’ होतं. ‘गुड’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. बढती हुकली. १२ मे २००८ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तोवर ते निवृत्त झाले होते. नोंदीचं नाव काय हे गौण, तिचा परिणाम काय झाला ते बघा, असं न्यायालयानं म्हटलं. आणि पुढे जाऊन सांगितलं की कुठलीही नोंद, अगदी सर्वोत्तम असली तरी, त्या माणसाला कळलीच पाहिजे. वर्षभरानं, १४ मे २००९ ला, केंद्राच्या कार्मिक विभागानं परिपत्रक काढलं. नावातला ‘गोपनीय’ गेला, ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ आला, आणि तो पूर्ण दाखवून म्हणणं मांडायला पंधरा दिवस देणं आलं. २०१३ मध्ये सुखदेव सिंह यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

इथे मला थोडं अडखळायला होतं. पाकीट उघडलं हे उत्तमच झालं. पण दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे. अहवाल समोरच्याला दिसणार म्हटल्यावर कित्येक प्रतिवेदन अधिकाऱ्यांनी सोपा मार्ग निवडला : सगळ्यांना ‘अत्युत्कृष्ट’. कमी प्रत दिली की समोरचा निवेदन देणार, त्यावर उत्तर लिहावं लागणार, पुरावे द्यावे लागणार, तेव्हा झंझट कशाला? पूर्वी साहेब गुपचूप कमी लिहीत. आता उघड जास्त लिहितात. न बोलायची सवय दोन्हीकडे तीच.

महाराष्ट्रात अधिकाऱ्यांचे अहवाल आता ‘महापार’ या संगणकप्रणालीवर भरले जातात. एक ओळखीचे अधिकारी मध्ये सांगत होते, की एका कनिष्ठाला ‘बी प्लस’, म्हणजे तेच ‘निश्चित चांगला’, देण्याआधी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. वर्षातली तीन प्रकरणं टेबलावर ठेवली, कुठे आणि किती दिवस उशीर झाला ते तारखांनिशी दाखवलं, आणि विचारलं की अडचण काय होती. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, ‘साहेब, त्या विषयातलं मला येतच नाही, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.’ त्याच्या सेवेचं ते चौदावं वर्ष होतं.