बेब रूथचा ‘कॉल्ड शॉट’

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील एक गाजलेला व वादग्रस्त होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून धाव मिळवून देणारा फटका). न्यूयॉर्क यांकीजचा फलंदाज बेब रूथ (१८९५–१९४८) याने १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर, वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेच्या) तिसऱ्या सामन्यात, शिकागो कब्सविरुद्ध तो मारला. चेंडू कोठे मारणार हे रूथने आधी बोटाने दाखवले आणि मग तेथेच मारला, अशी आख्यायिका आहे.

मालिकेत कडवटपणा आधीपासूनच होता. यांकीजचा जुना शॉर्टस्टॉप (आतील मैदानातला क्षेत्ररक्षक) मार्क कोनिग हा १९३२ च्या ऑगस्टमध्ये कब्सकडे आला आणि त्याने संघाच्या यशाला चांगलाच हातभार लावला. पण मालिकेच्या रकमेतील वाटा ठरवताना कब्सच्या खेळाडूंनी त्याला निम्माच हिस्सा दिला. यावरून रूथ व त्याचे सहकारी कब्सना उघडपणे कंजूष म्हणू लागले. कब्सच्या डगआउटमधूनही (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेतूनही) रूथच्या वयावर आणि सुटलेल्या पोटावर शेलके टोमणे येत, प्रेक्षक लिंबे फेकत. फ्रँकलिन रूझवेल्ट (तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार) या सामन्याला उपस्थित होते.

पहिल्या डावात रूथने तीन धावांचा होमरन मारला होता. चौथ्या डावात मात्र एक खाली आलेला झेल त्याला जमला नाही आणि कब्सनी ४–४ अशी बरोबरी साधली. पाचव्या डावात तो प्लेटवर (फलंदाजीच्या जागी) आला तेव्हा समोर कब्सचा पिचर (चेंडू टाकणारा) चार्ली रूट होता. दोन स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजले जाणारे चेंडू; तीन झाले की तो बाद) व दोन बॉल (पिचरचे चुकलेले चेंडू) झाले; त्या दरम्यान रूथ कब्सच्या डगआउटशी हुज्जत घालत बोटे वर करत होता, याविषयी दुमत नाही. पुढचा चेंडू त्याने मध्यमैदानाच्या (पिचरच्या मागे असलेल्या दूरच्या भागाच्या) पार दूर भिरकावला. लगेच नंतरच्या चेंडूवर लू गेरिगनेही होमरन मारला. यांकीजनी सामना ७–५ असा आणि मालिका ४–० अशी जिंकली. वर्ल्ड सिरीजमधील रूथचा हा पंधरावा व शेवटचा होमरन ठरला.

बोट नेमके कोणाकडे होते, हा खरा प्रश्न. रूथ डावखुरा असल्याने प्लेटच्या पहिल्या बेसकडील (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) बाजूस उभा राही, म्हणजे त्याचे तोंड तिसऱ्या बेसकडे. कब्सचा डगआउटही त्याच बाजूला. अशा वेळी पुढे केलेला हात डगआउटकडे आहे, पिचरकडे आहे की त्याच्या डोक्यावरून मध्यमैदानाकडे, हे पाहणारा कोठे बसला आहे यावर बरेच अवलंबून राहते. कब्सचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) गॅबी हार्टनेट याच्या सांगण्यानुसार रूथने एक बोट वर करून ‘मारायला एक चेंडू पुरतो’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. रूटने आख्यायिका आयुष्यभर नाकारली. रूथने तसे बोट दाखवले असते तर पुढच्याच चेंडूवर आपण त्याला आडवा केला असता, असे तो म्हणे. पुढच्या फलंदाजाच्या जागी उभ्या असलेल्या गेरिगने मात्र दुजोरा दिला. ही फूट निव्वळ संघनिष्ठेची मानता येत नाही, कारण यांकीजचाच शॉर्टस्टॉप फ्रँक क्रोसेटी रूथने मैदानाकडे बोट दाखवले नाही, असे सांगत असे. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले जॉन पॉल स्टीव्हन्स बारा वर्षांचे असताना हा सामना पाहायला गेले होते. रूथने मध्यमैदानाकडेच बोट दाखवले, असे ते सांगत.

‘कॉल्ड शॉट’ हा शब्दप्रयोग बेसबॉलचा नाही. पूलच्या टेबलावर कोणता गोळा कोणत्या खिशात जाणार हे आधी सांगून मारतात, त्याला असे म्हणतात. कॅरममध्ये सांगून सोंगटी घालणाऱ्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात क्रीडापत्रकार जो विल्यम्स यांच्या वृत्तान्ताला दिलेल्या मथळ्यात रूथने शॉट आधी सांगून होमरन बाजूच्या खिशात घातला, असे रूपक होते. अन्य बहुतेक तत्कालीन बातम्यांत बोटांच्या खुणा व हुज्जतीचा उल्लेख येतो, मध्यमैदानाकडे निर्देश केल्याचा नाही. काही दिवसांतच इतर लेखकांनी मथळ्यातील रूपक घटना म्हणून मांडले, असे मानण्यास जागा आहे. खुद्द रूथने सुरुवातीला ठाम दावा केला नव्हता. नंतर मात्र त्याने ती गोष्ट खुलवून सांगायला सुरुवात केली.

प्रेक्षकांनी हौसेने टिपलेल्या दोन मूक चित्रफिती १९९० च्या दशकात सर्वांसमोर आल्या. मॅट कँडल यांच्या फितीत रूथचा उंचावलेला हात दिसतो, दिशा निश्चित होत नाही. उद्योजक हॅरल्ड वॉर्प यांच्या फितीवरून मात्र हात डगआउटच्या रोखाने असल्याचे बहुतेक अभ्यासकांचे मत पडले असून तेच अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही फितींना आवाज नसल्याने रूथ काय बोलला, याबाबत त्यांचा उपयोग नाही.

रूटने पुढे रूथच्या जीवनावरील १९४८ च्या चित्रपटात स्वतःची भूमिका करण्यास नकार दिल्याचे सांगतात. कब्सकडून २०१ सामने जिंकण्याचा त्याचा संघविक्रम या एका चेंडूमागे झाकला गेला आहे. रूथने त्या दिवशी घातल्याचे छायाचित्रांच्या तुलनेवरून ठरवण्यात आलेले वस्त्र, राखाडी रंगाची यांकीज जर्सी, ऑगस्ट २०२४ मध्ये लिलावात सुमारे २ कोटी ४१ लाख डॉलरना विकले गेले.