रील वर की खाली: स्पिनिंग रॉड आणि कास्टिंग रॉड यांतला फरक

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी सकाळी जी मंडळी गळ टाकायला येतात, त्यांच्यात एखादा तरी असा दिसतोच, की ज्याने रॉड उलटा धरलेला आहे, रील, म्हणजे दोरी गुंडाळायचे यंत्र, आभाळाकडे आहे आणि तो हँडल मागच्या दिशेने फिरवत दोरी गुंडाळतो आहे. त्याला हटकले तर तो म्हणतो, “येतेय की गुंडाळत, काय बिघडले?” त्याचे फारसे चुकतही नाही, कारण रील वर असलेला रॉड त्याने कुठे तरी पाहिलेला असतो. फक्त तो कास्टिंग रॉड असतो आणि याच्या हातात स्पिनिंग रॉड असतो. दुकानात टांगलेले हे दोन रॉड लांबून अगदी सारखे दिसतात: तीच कार्बनची निमुळती काठी, तीच कॉर्कची किंवा फोमची मूठ आणि त्याच ओळीने बसवलेल्या, दोरी ओवायच्या कड्या.

फरक समजून घ्यायचा असेल तर आधी रॉड बाजूला ठेवून रीलमधून दोरी कशी सुटते ते पाहावे, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघते. स्पिनिंग रीलचे रीळ, म्हणजे दोरी जिच्यावर गुंडाळलेली असते ती आतली फिरकी, फेकीच्या वेळी जागचे हलत नाही. बेल नावाची तारेची कमान उघडली, की दोरी त्या स्थिर रिळाच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी बाहेर पडते. उभ्या ठेवलेल्या दोऱ्याच्या रिळावरून दोरा वरच्या बाजूने ओढल्यावर जसा भोवऱ्यासारखा सुटतो, तसेच हे असते. कास्टिंग रीलमध्ये मात्र रीळ स्वतःच फिरते आणि दोरी पतंगाच्या चक्रीवरून मांजा सुटावा तशी सरळ रेषेत निघते. नाशिककरांना, त्यातही येवल्याच्या संक्रांतीला गच्चीवर उभे राहिलेल्यांना, हे अधिक समजावून सांगायला नको.

आता कड्या पाहा. वेटोळ्यांनी सुटणारी दोरी आवरायची असेल तर पहिल्या कडीचे तोंड मोठे हवे आणि पुढच्या कड्या क्रमाने लहान होत जायला हव्यात, म्हणजे वेटोळे हळूहळू मिटत जाऊन टोकाशी दोरी सरळ होते. म्हणून स्पिनिंग रॉडची मुठीजवळची पहिली कडी ठळक मोठी आणि काठीपासून उंच असते. दुकानात लेबल न वाचता रॉड ओळखायचा असेल तर ही एक कडी पुरेशी आहे. कास्टिंग रॉडला अशी मोठी कडी लागत नाही. त्याच्या कड्या बारीक आणि काठीलगत असतात, आणि संख्येने थोड्या जास्त असतात.

जास्त का, याचे कारण रॉड वाकल्यावर कळते. स्पिनिंग रॉडला रील आणि कड्या दोन्ही खालच्या अंगाला असतात, त्यामुळे मासा ओढू लागला की दोरी काठीपासून दूर, खालीच ताणली जाते आणि रॉड हातात स्थिर राहतो. कास्टिंग रॉडला दोन्ही वरच्या अंगाला असतात. रॉड वाकला की दोन कड्यांमधली दोरी काठीवर टेकू पाहते आणि काठीला पिळून कड्या खाली आणू पाहते. कड्या जवळजवळ बसवल्या की दोरी काठीला घासत नाही. पिळाचा बंदोबस्त मात्र हाताला करावा लागतो, आणि त्यासाठीच रील सीटच्या, म्हणजे मुठीवर रील बसवायच्या खाचेच्या, खाली बंदुकीच्या घोड्यासारखा एक आकडा दिलेला असतो. त्याला ट्रिगर म्हणतात, पण तो ओढायचा नसतो, त्यात बोट अडकवायचे असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी रॉड नवा असताना तो ओढून पाहिला होता आणि काहीच झाले नाही म्हणून रॉड परत करायला निघाले होते.

धरण्याची पद्धत या रचनेतूनच ठरते. स्पिनिंग रॉड धरताना रीलचा दांडा मधले बोट आणि अनामिका यांच्या मध्ये येतो, म्हणजे दोन बोटे दांड्याच्या पुढे आणि दोन मागे. तर्जनी मोकळी ठेवायची, कारण बेल उघडण्याआधी दोरी तिच्या पेरावर पेलायची असते आणि रॉड पुढे येताना नेमक्या क्षणी सोडायची असते. लवकर सोडली तर आमिष आभाळात जाते, उशिरा सोडली तर पायापुढच्या पाण्यात आपटते. उजव्या हाताने रॉड धरणारा बहुधा डाव्या हाताने हँडल फिरवतो, आणि बहुतेक स्पिनिंग रीलचे हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते, त्यामुळे डावखुऱ्यांचीही अडचण होत नाही.

कास्टिंग रॉडमध्ये तर्जनीचे काम अंगठ्याकडे जाते. अंगठा थेट रिळावर टेकवायचा, बटण दाबून रीळ मोकळे करायचे, फेकताना अंगठा हलका करायचा आणि आमिष पाण्याला लागायच्या बेताला पुन्हा दाबायचा. हे शेवटचे दाबणे चुकले तर काय होते ते सांगायलाच हवे. आमिष हवेत मंदावते, रीळ मात्र आपल्याच वेगाने फिरत राहते, दोरीला बाहेर जायला वाट उरत नाही आणि ती रिळावरच फुगून तिचा गुंता होतो. या गुंत्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात आणि ते नाव अजिबात अतिशयोक्त नाही. रीलमध्ये चुंबकाचे किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असतात, पण ते अंगठ्याला मदत करतात, अंगठ्याची जागा घेत नाहीत. शिवाय कास्टिंग रीलचे हँडल कोणत्या बाजूला आहे ते खरेदीच्या वेळीच पाहावे लागते, कारण ते नंतर बदलता येत नाही.

मी स्वतः सुरुवातीला हाच घोळ केला होता. शहरातल्या एका दुकानात रॉड वेगळा आवडला आणि रील वेगळे आवडले. दुकानदाराने दोन्ही बांधून दिले आणि रील सीटमध्ये रील घट्ट बसलेही, कारण बहुतेक रीलचे पाय दोन्ही प्रकारच्या सीटमध्ये बसतात. पाण्यावर गेल्यावर कळले, की ते कास्टिंग रॉडवर बसवलेले स्पिनिंग रील होते. रॉड उलटा करून कड्या खाली आणल्या की ट्रिगर वर येऊन तळहातात टोचायचा आणि फेकलेली दोरी पहिल्या बारीक कडीशी येऊन फडफडत अडायची. सारा जोर लावूनही आमिष वीस-पंचवीस पावलांच्या पुढे जाईना. उलटी जोडी, म्हणजे स्पिनिंग रॉडवर कास्टिंग रील, तितकीच गैरसोयीची असते: कड्या कमी म्हणून दोरी काठीला घासते, आणि ट्रिगर नाही म्हणून रॉड हातात गरगरतो.

मग कोणता घ्यावा? चिलापीसारख्या लहान माशांसाठी, पाच-सात ग्रॅमच्या हलक्या आमिषासाठी आणि शिकण्यासाठी स्पिनिंग रॉडच बरा. फिरत्या रिळाला गती द्यायला वजन लागते आणि तेवढे वजन हलक्या आमिषात नसते. झाडोऱ्यात दडलेला मरळ जाड दोरीने ओढून काढायचा असेल, किंवा आमिष ठरलेल्या जागी नेमके टाकायचे असेल, तर कास्टिंगचा अंगठा उपयोगी पडतो. अर्थात कोणताही रॉड घेतला तरी आधी परवानगीचे पाहावे. अनेक जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, आणि 2020 साली राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले नांदूर मध्यमेश्वर हे तर अभयारण्य आहे, तिथे रॉड उघडूही नये.

रॉड ठेवतानाही हाच वर-खालीचा फरक आडवा येतो. काठावर दोन बेचक्यांवर स्पिनिंग रॉड ठेवला तर रीलचे वजन खाली लोंबते आणि रॉड आपोआप सरळ राहतो. कास्टिंग रॉडचे वजन वर असल्याने तो बेचक्यावर हळूच कलंडतो, आणि मासा लागला की धडपडत आधी तो उलथवावा लागतो. जमिनीवर मात्र उलट होते. स्पिनिंग रील खडीवर टेकते आणि बेलच्या सांध्यात वाळू शिरते. दोन्ही प्रकारांत एक सवय सारखीच वाईट, ती म्हणजे गळ कडीत अडकवून ठेवणे. कडीच्या आतले सिरॅमिकचे कडे गळाच्या टोकाने टवकते आणि तो बारीक टवका पुढे प्रत्येक फेकीला दोरी कापत राहतो. शंका आली तर कापसाचा बोळा कडीतून फिरवावा; जिथे तंतू अडकतात तिथे टवका आहे असे समजावे. गळ अडकवायला मुठीच्या वर बारीक तारेचा वेगळा आकडा बहुधा दिलेला असतो.

घरी रॉड कोपऱ्यात टोक टेकवून ठेवला तर महिन्याभराने टोक वाकडे झालेले दिसते. मूठ खाली करून तो उभा ठेवावा किंवा दोन-तीन आधारांवर आडवा ठेवावा. इगतपुरीकडच्या पावसात भिजलेला रॉड ओल्या कापडी म्यानातच राहिला तर कॉर्कवर काळी बुरशी धरते. फ्लॅटमध्ये मात्र रॉडचा खरा शत्रू छताचा पंखा. सात फुटांचा रॉड जोडून हातात तोलून पाहण्याचा मोह दिवाणखान्यात अनेकांना महाग पडलेला आहे.

नेताना सांध्यावर रॉडचे दोन तुकडे करावेत. सांधा अडकला असेल तर पिळू नये, सरळ ओढावा. हाताने निघत नसेल तर खाली बसून रॉड गुडघ्यांमागे आडवा घ्यावा, गुडघ्यांच्या बाहेरून दोन्ही हातांनी दोन्ही तुकडे पकडावेत आणि गुडघे हळूहळू फाकवावेत. बाभळीतून चालताना मूठ पुढे आणि टोक मागे ठेवावे. आणि रॉड जोडण्याआधी एकदा वर पाहावे, कारण कार्बनमधून वीज वाहते. धरणकाठच्या शेतांवरून पाण्याच्या मोटारींच्या वीजवाहिन्या गेलेल्या असतात, आणि वळवाचा पाऊस गडगडू लागला की तर रॉड खाली ठेवून पाण्यापासून लांबच व्हावे.

दुचाकीवर नेण्यासाठी मी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीचा पाइप आणला आणि दोन्ही टोकांना टोपणे बसवली. सात फुटांच्या रॉडचा तुकडा साधारण 107 सेंटिमीटरचा होतो, म्हणून पाइप चार फुटांचा घेतला. जाडी मात्र कास्टिंग रॉड हातात धरून ठरवली आणि दोन इंचांचा पाइप आणला. घरी आल्यावर स्पिनिंग रॉडची ती पहिली मोठी कडी त्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी तीन इंचांचा पाइप आणायला पुन्हा जावे लागले, आणि दोन इंचांचा अजून गच्चीवर तोंडलीच्या वेलाला आधार देत उभा आहे.